वाचकांचे प्रश्न : विजेवरच्या कंट्रोल लाइन विमानाचे सडपातळ धड

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे विद्युत मोटरवर चालणाऱ्या कंट्रोल लाइन विमानांबद्दल आहेत. ज्यांना या छंदाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर यात चालक वर्तुळाच्या केंद्रात उभा राहतो, त्याच्या हातातल्या मुठीपासून निघालेल्या दोन बारीक पोलादी तारा विमानाच्या डाव्या पंखातून आत जातात, आणि या तारांच्या ओढीने पंखातला बेलक्रँक (तारांची ओढ शेपटीकडे पोहोचवणारी छोटी तरफ) फिरून शेपटीचा एलिव्हेटर, म्हणजे आडव्या शेपटीचा मागचा हलणारा भाग, वर-खाली होतो. अमेरिकेतील जिम वॉकर यांनी १९४० च्या सुमारास ही पद्धत लोकप्रिय केली, आणि कसरतीची विमाने आजही याच तत्त्वावर उडतात.

प्रश्न : मी बरीच वर्षे इंधनाच्या इंजिनावर चालणारी कसरतीची विमाने बांधत आलो आहे. आता सुमारे दीड किलो वजनाचे आणि ४० चौरस डेसिमीटर पंखाचे विमान विद्युत मोटरवर बांधायचा विचार आहे. इंजिन बसवायचे लाकडी दांडे आणि इंधनाची टाकी आता लागणार नाही, म्हणून धड अगदी सडपातळ करता येईल असे वाटते. ते किती सडपातळ करावे, आणि त्यामुळे हवेचा रोध किती घटेल? (नाशिक येथील एक वाचक)

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो, कारण तो आकडा एकदा डोळ्यांसमोर आला की पहिल्या भागाचे उत्तर बदलते.

सुमारे २० मीटर लांबीच्या आणि ०.३८ मिलिमीटर जाडीच्या दोन तारा घेतल्या, तर समोरून दिसणारे त्यांचे क्षेत्र १५२ चौरस सेंटिमीटर भरते. तारेचा वेग मुठीपाशी जवळजवळ शून्य आणि विमानापाशी पूर्ण असतो, त्यामुळे विमानाला ओढाव्या लागणाऱ्या रोधाच्या हिशेबात यातला एक चतुर्थांश भागच धरावा लागतो. मात्र गोल तारेचा रोधगुणांक (आकारामुळे हवा किती अडते ते सांगणारा आकडा; क्षेत्राला त्याने गुणले की रोधाचे माप मिळते) १ च्या आसपास असल्याने तारांच्या खात्यावर सुमारे ४० चौरस सेंटिमीटर पडतातच. पंखाचे क्षेत्र ४००० चौरस सेंटिमीटर आणि सरळ उड्डाणातला रोधगुणांक ०.०१२ धरला, तर पंखाचे ४८ होतात. आता ५० मिलिमीटर रुंद आणि १०० मिलिमीटर उंच धडाचे समोरचे क्षेत्र ५० चौरस सेंटिमीटर असले, तरी नीट गोलाई दिलेल्या धडाचा गुणांक ०.२५ धरल्यास त्याच्या वाट्याला जेमतेम १२ किंवा १३ येतात. म्हणजे आपण धडाची रुंदी पन्नासवरून चाळीसवर आणण्यासाठी जिवाचे रान केले, तरी तारा, पंख आणि धड मिळून होणाऱ्या शंभरातून अडीच वजा होतात. कसरतीच्या विमानाचा वेग टायमर आणि वेगनियंत्रक मिळून ठरावीक राखतात, तेव्हा ही बचत वेगात दिसतसुद्धा नाही. ती दिसते उड्डाणानंतर बॅटरीत उरलेल्या ४० ते ५० मिलीअँपिअर-तासांत.

तरीही सडपातळ धडाच्या बाजूने माझे मत आहे, पण त्याचे कारण निराळे आहे. धडाचे लाकूड, त्यावरचा कागद, डोप (कागद ताणून धरणारे रोगण) आणि रंग हे सगळे पृष्ठभागाच्या प्रमाणात वाढते, आणि दीड किलोच्या विमानात वाचलेले ३० ग्रॅम चौकोनी कसरतीच्या कोपऱ्यावर वळताना जाणवतात. म्हणून सडपातळ जरूर करावे, मात्र वजन वाचवण्यासाठी करावे, आणि त्याची आखणी आतून बाहेर करावी: आधी बॅटरी, मग तिच्याभोवतीची हवा, मग भिंत. बाहेरची डौलदार रेषा आधी काढून नंतर आत बॅटरी कोंबणे हा क्रम इंधनाच्या काळातून आलेला आहे. त्या काळी पातळ पत्र्याची टाकी आपल्याला हवी तशी घडवता येत असे. बॅटरीचा ठोकळा मात्र आहे तसाच स्वीकारावा लागतो.

बॅटरीचे माप उड्डाणाच्या वेळेवरून निघते. आपल्या आकाराच्या विमानाला सरासरी ३८० वॅट लागतात असे धरले, तर साडेपाच मिनिटांच्या उड्डाणात सुमारे ३५ वॅट-तास खर्च होतात. लिथियम पॉलिमर बॅटरीतील ८० टक्क्यांहून अधिक ऊर्जा काढू नये, म्हणजे साठा ४४ वॅट-तासांचा हवा. हाच साठा चार सेलच्या ३००० मिलीअँपिअर-तास बॅटरीतून मिळतो, पाच सेलच्या २४०० मधून मिळतो आणि सहा सेलच्या २००० ते २२०० मधूनही मिळतो. एकूण घनफळ तिन्हींत जवळपास सारखेच असते; फरक पडतो तो आकारात. २२०० च्या एका सेलची लांबी साधारण १०५, रुंदी ३४ आणि जाडी ८ मिलिमीटर असते, त्यामुळे सहा सेलचा ठोकळा १०५ × ३४ × ४८ च्या आसपास येतो. तो सेल आडवे ठेवून, एकावर एक रचलेल्या स्थितीत बसवला, तर धडाच्या रुंदीत ३४ आणि उंचीत ४८ मिलिमीटर व्यापतो. चार सेलची मोठी बॅटरी कडेवर उभी केली तर रुंदी आणखी थोडी कमी होते, पण लांबी वाढते आणि नाक लांबते. उत्पादकागणिक मापे बदलतात, म्हणून प्रत्यक्ष बॅटरी हातात आल्याशिवाय आराखड्यावर पेन्सिल टेकवू नये, असा माझा आग्रह आहे.

आता रुंदीचा हिशेब करू. बॅटरी ३४, तिच्या दोन्ही बाजूंना हवेसाठी तीन-तीन मिलिमीटर मिळून ४०, आणि प्रत्येक बाजूची भिंत अडीच मिलिमीटर बाल्सा (अतिशय हलके लाकूड) व आतून चिकटवलेले ०.४ मिलिमीटर प्लायवूड यांची. एकूण ४६ मिलिमीटर. पुढे ४५ मिलिमीटर व्यासाचा स्पिनर (प्रोपेलरच्या मध्यावरची निमुळती टोपी) लावला की नाकाची रेषा आपोआप जुळते. बाहेरून ३५ मिलिमीटर व्यासाची मोटर या रुंदीत आरामात मावते. ४२ मिलिमीटरची मोटर निवडली, तर तिच्या फिरणाऱ्या कवचाला दोन्ही बाजूंना मोकळीक देण्यासाठी धड ५० पर्यंत न्यावे लागेल. बेलक्रँक पंखात असतो, त्यामुळे तो धडाची रुंदी ठरवत नाही. डाव्या आणि उजव्या पंखाचे फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे हलणारे भाग) जोडणाऱ्या तारेच्या शिंगाला, म्हणजे ते हलवणाऱ्या उभ्या दांडीला, ४० मिलिमीटर पुरतात. तेव्हा आपल्या विमानासाठी पुढच्या भागात ४६ मिलिमीटर हे माझे उत्तर आहे. त्याहून खाली जाण्यासाठी बॅटरीच्या बाजूची हवा काढून घ्यावी लागते, आणि ती काढू नये.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. चालक वर्तुळाच्या मध्यावर असतो आणि परीक्षक वर्तुळाबाहेर असतात, त्यामुळे उडताना विमानाची बहुतांशी बाजूच दिसते. डोळ्याला जो सडपातळपणा जाणवतो तो उंचीचा असतो, रुंदीचा नसतो. रुंदी कमी केली की वजन वाचते. उंची कमी केली की देखणेपण मिळते, पण त्याची किंमत पिळाच्या ताकदीत, म्हणजे धडाच्या पिळले न जाण्याच्या क्षमतेत, मोजावी लागते, आणि ती किती असते हे पुढच्या उत्तरात आले आहे.

बॅटरीची उंचीवरची जागाही जपावी. २० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ५.२ सेकंदांची फेरी म्हणजे सेकंदाला सुमारे २४ मीटर वेग, आणि त्या वेगाला विमान तारांना आपल्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट, म्हणजे साडेचार किलोच्या ओढीने खेचत असते. या ओढीमुळे विमानाचा गुरुत्वमध्य तारांच्या रेषेत येऊ पाहतो. बॅटरी खाली लटकून गुरुत्वमध्य तारा बाहेर पडण्याच्या पातळीपेक्षा १० मिलिमीटर खाली गेला, तर पंख पाऊण अंश कललेलाच राहतो, आणि मग हा दोष लोक पंखाच्या पिळात शोधत बसतात. इंजिनाच्या विमानात टाकी रिकामी होत जाई तसतसा गुरुत्वमध्य मागे सरकत असे. विजेवरच्या विमानात तो पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत एकाच जागी राहतो. हा मोठा लाभ आहे, आणि बॅटरी पुढे-मागे सरकवण्यासाठी १५ ते २० मिलिमीटर जागा ठेवली तर तो पुरेपूर घेता येतो.

प्रश्न : माझ्या विमानाचे धड पंखाच्या मागे फारच निमुळते केले आहे. सरळ उड्डाण उत्तम होते, परंतु चौकोनी कसरतीच्या कोपऱ्यावर विमान प्रत्येक वेळी वेगळ्या दिशेने कलते. पंख धरून शेपटी हाताने पिळली तर ती थोडी वळते. बॅटरीसाठी धडाच्या तळाशी मोठी झडप आहे. दोष कुठे असावा? (कोल्हापूर येथील एक वाचक)

उत्तर : दोष आपण स्वतःच शोधला आहे, शेपटी हाताने वळते, हेच त्याचे उत्तर आहे. कोपऱ्यावर एलिव्हेटर पूर्ण फिरतो तेव्हा आडव्या शेपटीच्या दोन बाजूंवर येणारा भार अगदी सारखा नसतो, आणि मोठ्या व्यासाच्या प्रोपेलरच्या जायरोस्कोपिक परिणामामुळे (फिरत्या वस्तूची दिशा बदलली की ती बाजूला जोर लावते, त्यामुळे) उभ्या शेपटीवरही बाजूने भार येतो. धड पिळाला कच्चे असेल, तर या भाराखाली शेपटी क्षणभर वळते आणि विमान कोपऱ्यातून तिरके बाहेर पडते.

पिळाला विरोध करण्याची बंद नळीची क्षमता तिच्या छेदाने वेढलेल्या क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि छेदाच्या परिघाच्या प्रमाणात घटते. पंख आणि शेपटी यांच्या मध्यावर ४० × ७० मिलिमीटरचा छेद घेतला तर क्षेत्र २८ चौरस सेंटिमीटर आणि परिघ २२ सेंटिमीटर येतो. त्याच जाडीच्या भिंती ठेवून छेद २८ × ५० केला, तर क्षेत्र १४ आणि परिघ १५.६ होतो. गुणोत्तर काढून पाहिले तर दुसऱ्या धडाची पिळाची ताकद पहिल्याच्या जेमतेम एक तृतीयांश उरते, आणि लाकडात वाचतात अवघे काही ग्रॅम. म्हणून धड पुढून अरुंद असावे आणि पंखामागे त्याची उंची एकदम न टाकता शेपटीपर्यंत हळूहळू कमी करावी, ही माझी शिफारस आहे. अगदी शेवटी, एलिव्हेटरच्या शिंगापाशी, १२ मिलिमीटर रुंदी पुरते.

दुसरा भाग झडपेचा आहे. नळी एका बाजूने उघडी पडली की तिची पिळाची ताकद शेकडो पटींनी घटते. चपलांचे पुठ्ठ्याचे खोके झाकण चिकटवून आणि झाकण काढून दोन्ही हातांनी पिळून पाहिले, म्हणजे हा फरक लगेच कळतो. आपली झडप पंखाच्या पुढे संपत असेल, तर शेपटीच्या पिळाशी तिचा संबंध थोडा आहे, कारण तो पिळ पंखाच्या जोडापाशीच झेलला जातो. परंतु ती पंखाखालून मागे गेली असेल, तर आधी तिकडेच लक्ष द्यावे. झडपेची लांबी बॅटरीपेक्षा १० मिलिमीटरहून अधिक असू नये, तिच्या दोन्ही कडांना आतून ६ × ६ मिलिमीटरच्या घट्ट लाकडाच्या पट्ट्या असाव्यात, आणि पुढच्या व मागच्या टोकांना ३ मिलिमीटर प्लायवूडची पूर्ण आडवी चौकट असावी.

तयार विमान दुरुस्त करायचे असेल, तर मागच्या भागावरचा रंग पॉलिश पेपरने काढून चौरस मीटरला २५ ग्रॅम वजनाचे काचेचे कापड पातळ इपॉक्सीने चढवावे. कापडाचे धागे धडाच्या लांबीशी ४५ अंशांचा कोन करतील असे ते कापावे, कारण पिळाचा ताण त्याच दिशेने वाहतो; धागे सरळ ठेवले, तर वजन वाढते आणि हाती थोडेच लागते. जास्तीचे इपॉक्सी टिश्यू पेपरने टिपून घ्यावे. यामुळे शेपटीकडे वाढलेल्या वजनासाठी नाकात शिसे घालू नये, बॅटरी पुढे सरकवावी.

पुढचे विमान बांधताना लाकूड निवडण्यात घालवलेला तास वाया जात नाही. सुमारे ९० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद आणि अडीच मिलिमीटर जाड बाल्साची फळी २५ ते ३२ ग्रॅम भरावी. दोन्ही बाजूंच्या भिंतींसाठी वजनाने आणि वाकण्याने सारख्या दोन फळ्या घ्याव्यात, नाही तर सांगाडा चिकटवतानाच धड केळीसारखे वाकते. ज्या फळीवर बारीक ठिपकेदार चकाकी दिसते ती आडवी वाकत नाही, सरळ तडकते. ती आडव्या चौकटींसाठी ठेवावी, आणि पाठीवरच्या गोलाईला चकाकी नसलेली, ओली केल्यावर सहज वळणारी फळी वापरावी.

प्रश्न : एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे सकाळी नऊ वाजताच ऊन तापते. सडपातळ धडात मोटर आणि बॅटरी फार गरम होतात. हवा येण्याची छिद्रे मोठी करावीत का? (नागपूर येथील एक वाचक)

उत्तर : आत येण्याच्या वाटेपेक्षा आधी बाहेर जाण्याची वाट पाहावी. ३८० वॅटपैकी मोटर आणि वेगनियंत्रक मिळून एक पंचमांश ऊर्जा उष्णतेत घालवतात असे धरले, तर सुमारे ७५ वॅट उष्णता धडातून बाहेर न्यायची असते. हवेचे तापमान २० अंशांनी वाढू द्यायचे ठरवले, तर सेकंदाला साडेतीन लिटर हवा पुरते, आणि आत हवा सेकंदाला १० मीटर वेगाने वाहत असेल तर साडेतीन चौरस सेंटिमीटरचे तोंड पुरे होते. मी ते पाच धरीन. बाहेर पडण्याचे तोंड मात्र किमान दुप्पट, म्हणजे १० चौरस सेंटिमीटर असावे, कारण तापलेली हवा फुगते आणि वाटेतल्या अडथळ्यांनी तिचा जोर कमी झालेला असतो. सडपातळ धडांत नेमकी इथेच चूक होते: बॅटरी पेटीत घट्ट बसते, तिच्या मागे पंखाची पुढची कड येते, आणि हवेला जायला जागाच उरत नाही.

बाहेरचे तोंड धडाच्या तळाशी, बॅटरीच्या मागे असावे आणि त्याच्या पुढच्या काठाला तीन-चार मिलिमीटर खाली झुकलेला ओठ द्यावा, म्हणजे बाहेरून वाहणारी हवा आतली हवा ओढून घेते. वेगनियंत्रक बॅटरीखाली दाबून ठेवू नये. तो मोटरच्या लगेच मागे, हवेच्या वाटेत असावा. आपल्याकडे बाहेरचेच तापमान ४० अंशांवर जाते आणि लिथियम पॉलिमर बॅटरी ६० अंशांपुढे जाऊ देऊ नये, तेव्हा वापरायला अंतर थोडेच उरते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या डिकीत बॅटऱ्या ठेवू नयेत, आणि उड्डाणानंतर गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये.

प्रश्न : एनसीसीच्या हवाई विभागात आम्ही कॅडेटांना अडीच सीसी इंजिनाचे सपाट फळीच्या धडाचे विमान शिकवतो. तेच विमान विद्युत मोटरवर करायचे आहे. फळी याहून सडपातळ करण्याचा प्रश्न नाही, पण बॅटरी कोणत्या बाजूला लावावी? (छत्रपती संभाजीनगर येथील एक प्रशिक्षक)

उत्तर : वर्तुळाच्या बाहेरच्या, म्हणजे उजव्या बाजूला. तारांचे वजन आतल्या पंखावर येते म्हणून बाहेरच्या पंखाच्या टोकाला आपण शिसे घालतोच; बॅटरी त्याच बाजूला लावली की त्यातले काही शिसे काढता येते. तीन सेलच्या २२०० मिलीअँपिअर-तास बॅटरीचे वजन १८५ ग्रॅमच्या आसपास असते आणि १२ मिलिमीटर फळीच्या मध्यापासून तिचा मध्य सुमारे १८ मिलिमीटर दूर येतो. पंखाचे टोक ६०० मिलिमीटरवर असेल, तर हे टोकावरच्या साडेपाच ग्रॅमइतके होते, आणि शिशाची तेवढी गोळी कमी करावी.

बॅटरी नुसत्या वेलक्रोवर सोडू नये. पाच मीटर त्रिज्येच्या वळणात विमानातल्या प्रत्येक वस्तूचे वजन सुमारे बारा पट होते, म्हणजे ही बॅटरी दोन किलोंहून अधिक जोराने सुटू पाहते. फळीला आरपार दोन खाचा पाडून दोन पट्टे आवळावेत, आणि बॅटरीपुढे प्लायवूडचा अडसर चिकटवावा. नाकाच्या दोन्ही बाजूंना दीड मिलिमीटर प्लायवूड पंखाच्या मध्यापर्यंत न्यावे. मोटर इंजिनासारखी हादरत नसली तरी सपाट नाक आडवे लवते, आणि मोटरची दिशा त्याबरोबर बदलते. कॅडेटांच्या सुरक्षिततेसाठी आणखी एक गोष्ट आवश्यक आहे: बॅटरी जोडली तरी मोटर फिरणार नाही, असा वेगळा जोड बाहेरच्या पंखाच्या बाजूला, प्रोपेलरपासून हातभर मागे ठेवावा, आणि मुठीपाशी चालक उभा राहिल्यावरच तो लावावा.

प्रश्न : पंखामागे लाकडी धडाऐवजी कार्बनची गोल नळी वापरली तर? आणि बॅटरी मागे ठेवून तिच्या तारा लांबवल्या तर चालेल का? (पणजी येथील एक वाचक)

उत्तर : नळी चालेल, पण तिची बांधणी पाहून घ्यावी. पतंगासाठी विकल्या जाणाऱ्या, एकाच दिशेने धागे असलेल्या नळ्या वाकण्याला कणखर असतात, मात्र पिळाला फार कच्च्या असतात. विणलेल्या किंवा तिरक्या गुंडाळलेल्या कार्बनची निमुळती नळी घ्यावी. बॅटरीच्या तारा लांबवू नयेत, कारण त्यामुळे वेगनियंत्रकातील धारित्रांवर (कपॅसिटरवर) ताण येतो. अंतर वाढवायचेच असेल, तर वेगनियंत्रक बॅटरीजवळ ठेवून त्याच्यापासून मोटरकडे जाणाऱ्या तीन तारा लांब कराव्यात.